नाळ पुरली त्यालाच कोयनेल

जांभळेवाडीत कोण कुठं जन्मलं याची नोंद दोन ठिकाणी असे. एक पाटलाच्या घरातल्या बुकात आणि दुसरी सारजाआक्काच्या डोक्यात. पाटलाच्या बुकाला एका पावसाळ्यात वाळवी लागली. तेव्हापासून गावाला सारजाआक्काच्या डोक्याशिवाय दुसरा आधार उरला नाही.

सारजाआक्का म्हणजे गावची सुईण. साठीला टेकलेली, हाडापेरानं मोठी, चालताना जराशी डावीकडे झुकणारी. बाराव्या वर्षी भीमेपलीकडच्या एका खेड्यातून सून होऊन आली आणि सासूच्या हाताखाली शिकली. सासू गेल्यावर तिची कात्री, तिचा तेलाचा बुधला आणि तिचा फटकळपणा असं सगळंच वारशानं हिच्याकडे आलं. कुणाचं डोकं आधी बाहेर आलं, कुणाचे पाय, कोण जन्मल्यावर रडेचना म्हणून उलटं धरून चापट मारावी लागली, हे सगळं तिला काल घडल्यासारखं आठवे. त्यामुळे गावातले बापे तिच्यासमोर मिशीला पीळ द्यायला कचरत. कुणी फारच रुबाब केला तर ती एवढंच म्हणे, "तुझ्या पहिल्या चापटीचा आवाज अजून हाय माझ्या कानात."

नाळ पुरायचं काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नसे. परसात, भिंतीच्या कडेला, कुत्र्याला उकरता येणार नाही इतक्या खोल स्वतः खड्डा घेई आणि नंतर बाळंतिणीला हात धरून ती जागा दाखवी. या बाबतीत ती कधी खोटं बोलली नाही. पोर मोठं होऊन दूर गेलं की आईला घरातली तेवढी एकच जागा आपली म्हणून दाखवता येते, त्यात लबाडी करायची नाही, असं सासूनं तिला बजावलं होतं.

चोपन्न साली जांभळेवाडीला सरकारी दवाखाना मिळाला. दवाखाना म्हणजे सरपंच आबासाहेबांची कडब्याची खोली. तिला चुना मारला, आत टेबल ठेवलं आणि बारामतीचे वसंतराव कंपाउंडर सायकलवरून येऊ लागले. डॉक्टर बुधवारी इंदापुराहून येत. गावाला कालव्याचं पाणी मिळालं, पाण्यानं ऊस आणला, उसानं डास आणले आणि डासांनी हिवताप आणला. यातल्या पहिल्या दोघांचं गावानं नारळ फोडून स्वागत केलं होतं, उरलेले दोघे आपणहून आले. हिवतापावर कोयनेलच्या गोळ्या. औषधांची पेटी महिन्यातून एकदा यायची आणि बाराव्या दिवशी तिचा तळ दिसायचा.

कारण औषध फुकट होतं. आजार असो नसो, म्हातारी माणसं जेवणानंतर विडा खावा तसा लाल मिक्श्चरचा घोट घ्यायला दवाखान्यात येत. महिपतीनं कोयनेलच्या गोळ्यांचा एक डबा भरून माळ्यावर ठेवला होता, पुन्हा लढाई लागली तर असावा म्हणून. कुंडलिक तर गोळ्या कुटून बैलाच्या पेंडीत कालवायचा. बैलाला काही झालेलं नव्हतं, पण सरकार देतंय तर बैलानं का मागं राहावं, असा त्याचा विचार होता.

पेटी रिकामी झाली की मात्र सगळ्यांची बोटं एकाच दिशेला वळत. कालव्याच्या कडेला ऊसतोडीवाल्यांच्या तीसेक कोप्या होत्या. उसाच्या पाचटानं शाकारलेल्या, वाकून आत शिरायच्या. दिवाळी झाली की नगर-बीडकडची माणसं बिऱ्हाडं घेऊन येत आणि उन्हाळा लागला की परत जात. पहाटे ती फडात जायची आणि अंधार पडल्यावर परतायची. तोवर वसंतराव सायकलवर बसून बारामतीच्या वाटेला लागलेले असत. म्हणजे औषधाची बाटली त्यांतल्या कुणाच्या दृष्टीसही पडत नसे. तरीही सगळं औषध या बाहेरच्यांनीच खाल्लं, यावर गावाचं एकमत होतं. जांभळेवाडीत दुसऱ्या कशावर एकमत झाल्याचं कुणाला आठवत नाही.

आबासाहेब चावडीवर चार दिवसांचा शिळा पेपर मोठ्यानं वाचून दाखवीत. त्यात दवाखाने पुरत नाहीत आणि बाहेरून येणाऱ्या लोकांचं काय करावं हे समजत नाही, अशा बातम्या असत. एका शुक्रवारी त्यांनी पेपर मिटून मांडीखाली ठेवला आणि देशाच्या या दोन्ही दुखण्यांवर आपल्याला एकच औषध सापडलं आहे असं जाहीर केलं. ज्याची नाळ गावात पुरली, त्यालाच सरकारी औषध. बाहेरच्याला औषध मिळणार नाही, म्हणजे तो आजारी पडला की आपल्या गावी जाईल. जाताना आजारही घेऊन जाईल. मागं राहील ते गाव धडधाकट, आणि धडधाकट गावाला औषध लागतंच कशाला? पेटी वाचेल, सरकार वाचेल. दिल्लीतल्या लोकांनी हे एकदा करून पाहावं.

कुंडलिकनं विचारलं, ऊस कुणी तोडायचा मग?

"आजारी असतील ते जातील, धडधाकट ऱ्हातील," आबासाहेब म्हणाले. "ऊस काय आजारी मानूस तोडतो व्हय?"

ठराव मंजूर झाला. त्याची एक नक्कल इंदापूरला, एक पुण्याला आणि एक थेट दिल्लीला धाडली.

सारजाआक्काला हे कळलं तेव्हा ती कालव्याकाठच्या एका कोपीत, रतनच्या अंगावर चार वाकळा घालून वर स्वतः ओणवी होऊन बसली होती. रतन एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण, आठवा महिना लागलेला. खरं तर तिनं यावेळी माहेरी असायचं. पण तिची आईसुद्धा दुसऱ्या कुठल्यातरी कालव्यावर ऊस तोडत होती, त्यामुळे माहेर नेमकं कुठं आहे हे तिच्या नवऱ्याला, रावजीलाही सांगता येत नव्हतं. दिवसाआड, सूर्य डोक्यावर आला की तिला हीव भरायचं. दात वाजायचे, ओठ निळे पडायचे, मग अंग तव्यासारखं तापायचं. सारजाआक्का एका हातानं तिचं कपाळ चाचपायची आणि दुसरा हात पोटावर ठेवून आतलं पोर हलतंय का ते बघायची. चाळीस वर्षं बाळंतपणं करूनही त्या दुसऱ्या हाताची भीती काही गेली नव्हती.

त्याच आठवड्यात बुधवारी डॉक्टरांनी रतनला तपासलं होतं. कोयनेल अगदी थोड्या मात्रेनं, पण चुकवायचं नाही. तापाच्या आणखी चार-पाच पाळ्या झाल्या तर पोर हाती लागणार नाही आणि आईचंही सांगता येत नाही, असं त्यांनी सारजाआक्काला बाजूला घेऊन सांगितलं. पण त्या दिवशी पेटी रिकामी होती. रावजी बारामतीला चालत गेला आणि चालतच परत आला. कालव्यावरची सगळी गावं कुडकुडत होती, दुकानातही कोयनेल उरलं नव्हतं. नवी पेटी सोमवारी यायची होती. आणि मध्येच हा ठराव आला.

सारजाआक्का तडक आबासाहेबांकडे गेली. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, हळहळही व्यक्त केली आणि सांगितलं की कायद्याला एक भोक पाडलं की त्यातून सगळं धान्य सांडतं. उलट, गावानं तिला मोठा मान द्यायचं ठरवलंय. सोमवारपासून तिनं दवाखान्याच्या पायरीवर बसायचं आणि येणाऱ्याची नाळ गावात आहे की नाही ते सांगायचं. तिच्यावाचून दुसऱ्या कुणाला ते माहीतच नाही.

सारजाआक्कानं विचारलं, "खरं सांगायचं ना?"

"खरंच सांग. म्हनून तर तुला बशिवली."

सोमवारी पेटी आली. सारजाआक्का पदर खोचून पायरीवर बसली. पहिला नंबर महिपतीचा.

"तुझी न्हाय हितं," सारजाआक्का म्हणाली.

महिपतीला वाटलं, म्हातारीनं ओळखलं नाही. त्यानं बापाचं नाव सांगितलं, आज्याचं सांगितलं, सात पिढ्यांची जमीन सांगितली.

"वळखते की तुला. पर तू थोरला. पयलं बाळातपन माहेरी असतंय. तुझी आई सातव्या म्हयन्यात गाडीत बसून जळोचीला गेली आन् तू दीड म्हयन्याचा हून, टोपडं घालून आलास. तुझी नाळ जळोचीत."

"आक्का, मी वाढलो हितं."

"वाढला व्हय. निघालास तिकडं."

वसंतरावांनी वहीत महिपतीच्या नावापुढं 'बाहेरचा' असं लिहिलं. मग एकामागून एक थोरले आले आणि एकामागून एक बाहेरचे झाले. कुणाची नाळ निमगावात, कुणाची लासुर्ण्यात, एकाची तर भिगवणच्या वाटेवर बाभळीखाली, कारण त्याला माहेर गाठेपर्यंतही धीर धरवला नव्हता. मग बायका आल्या. त्यांना पायरीसुद्धा चढावी लागली नाही. गावातली बाई म्हणजे सून, आणि सून म्हणजे दुसऱ्या गावची. बनाबाई चाळीस वर्षं गावाच्या आडाचं पाणी ओढत होती. तिनं विचारलं, मग आमी कुठल्या?

"मीबी भीमेपल्याडची," सारजाआक्का म्हणाली. "मला ठसका लागला तर मीबी पल्याड जाऊन खोकीन."

दुपारपर्यंत तेवीस जण आले आणि पाच पास झाले. पाचांतले चौघे ठणठणीत होते. त्यांत कुंडलिकही होता. तो बापाचा तिसरा मुलगा, नाळ घराच्या मागं उंबराशेजारी, खुद्द सारजाआक्कानं पुरलेली. त्यानं बैलासाठी आठ गोळ्या घेतल्या आणि महिपतीकडे बघत रुमालात बांधल्या. आणि त्याच वेळी कालव्याकाठी रतनला हीव भरलं होतं.

गावाला पहिला धक्का बसला तो इथं. दुसरा बुधवारी बसला. जांभळेवाडीत नाळ असलेल्याला फुकट औषध मिळतं, ही बातमी आजूबाजूला पोचली आणि शेळगावाहून, जळोचीहून, पार वडगाव निंबाळकराहून बैलगाड्या येऊ लागल्या. गाड्यांत जांभळेवाडीच्या लेकी होत्या आणि प्रत्येकीबरोबर तिचं थोरलं अपत्य होतं. गावातल्या सगळ्या लेकींची पहिली बाळंतपणं गावातच झाली होती, तेव्हा या भाचे-भाच्यांची नाळ झाडून सगळी इथंच होती. शेळगावचा एक भाचा तर तालमीत जाणारा, दारातून आडवं होऊन शिरावं लागेल असा पैलवान. त्याला बघून सारजाआक्कानं फक्त मान हलवली. "ह्यो आपला. आडवा आला हुता. दोन दिवस झोपू दिलं न्हवतं ह्यानं."

भाचा म्हटल्यावर त्याला जेवल्याशिवाय पाठवता येत नाही. घरोघरी चुली पेटल्या, पुरणाची डाळ शिजायला पडली. बाहेरच्यांना घालवायला केलेल्या ठरावानं तीन दिवसांत गावात साठ-सत्तर पाहुणे आणून ठेवले. तापानं फणफणलेल्या बायका उठून त्यांच्यासाठी पोळ्या लाटत होत्या आणि पाहुणे ओसरीवर बसून, त्या बायकांना मिळू न शकलेलं औषध पाण्याबरोबर घेत होते. ऊसतोडीवाल्यांपैकी मात्र एकही माणूस गेला नाही. त्यांना औषध बंद झाल्याचं कळलंच नव्हतं, कारण ते आधीही कधी मिळालं नव्हतं.

सारजाआक्कानं एक खटपट करून पाहिली. एका भाचीकडून चार गोळ्या मागून घेतल्या आणि पदराला गाठ मारली. पण ते कुणीतरी आबासाहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी लगेच नवं कलम काढलं, की गोळी कंपाउंडरच्या समोर गिळायची, हातात द्यायची नाही. सारजाआक्काला पदराची गाठ सोडावी लागली. त्या कलमाचा पहिला मान कुंडलिकला मिळाला. तो बैलाच्या गोळ्या न्यायला आला होता. वसंतरावांनी पाण्याचा पेला पुढं केला. माघार घ्यावी तर मागं महिपती उभा. कुंडलिकनं बैलाचं कोयनेल स्वतः गिळलं आणि संध्याकाळपर्यंत कानात पिपाणी वाजल्यागत ओसरीवर डोकं धरून बसला. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यातली गर्दी निम्म्यानं कमी झाली. भाचेही सांजच्या आधीच गाड्या जुंपायला लागले.

पण रतनची सोमवारची पाळी झाली, बुधवारची झाली, शुक्रवारचीही सुरू झाली. शुक्रवारी पोटातलं पोर बराच वेळ हललं नाही. सारजाआक्का हात ठेवून बसली, तोंडानं काहीबाही सांगत राहिली, रावजीला पाणी आणायला पिटाळलं. खूप वेळानं तळहाताला एक बारीकसा धक्का बसला तेव्हा तिनं रतनकडे पाठ केली आणि उगाच वाकळेचा टाका तपासत राहिली.

तेवढ्यात वसंतराव धापा टाकत आले. म्हणाले, आबासाहेबांनी बोलावलंय. आबासाहेबांना हीव भरलंय.

सारजाआक्का गेली तेव्हा आबासाहेबांची बाज कुरकुरत होती. अंगावर घरातली सगळी पांघरुणं आणि वर एक सतरंजी. शेजारी त्यांची आई, ठमाबाई, ऐंशीच्या घरातली, सुपात मेथी निवडत बसलेली. वसंतरावांनी वही काढून घाबरत घाबरत सांगितलं की गोळी तयार आहे, फक्त आक्कांची साक्ष राहिलीय.

"हिची साक्ष कशाला?" सतरंजीखालून आबासाहेब म्हणाले. "माझी नाळ ह्या भितीमागं हाय. सगळ्या गावाला ठावं हाय."

सारजाआक्कानं ठमाबाईकडे बघितलं.

"भितीमागं तुझ्या धाकट्याची," ठमाबाई मेथीतली काडी बाजूला टाकत म्हणाली. "तू वडगाव निंबाळकरात झालास. माझ्या बापाच्या गोठ्यामागं हाय तुझी. त्याच दिशी म्हस व्याली, तिला रेडी झाली. समदे तिच्याकडं धावले. तुझ्याकडं बघाया कोन न्हवतं."

बाजेची कुरकुर क्षणभर थांबली. आबासाहेबांच्या पन्नास वर्षांत ही गोष्ट कुणी त्यांना सांगितली नव्हती. मग ते म्हणाले, ठरावात दुरुस्ती करू, बापाची नाळ धरू.

"तुझा बापबी थोरलाच हुता," ठमाबाई म्हणाली.

"मग आज्याची."

"आज्या दत्तक आलेला. फलटणकडचा."

वसंतरावांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि भिंतीकडे बघू लागले. आबासाहेबांचे दात वाजत होते, त्यामुळे ते रागावलेत की नाही हे कळत नव्हतं. थोड्या वेळानं ते हळू आवाजात म्हणाले, "आक्का, तू व्हय म्हन की. कोन इचारतंय?"

"नाळंचं खोटं मी सांगनार न्हाय, आबासाहेब. तुमीच बशिवलं मला खरं सांगाया." ती बाजेजवळ खाली बसली. "पर ठराव तुमचा हाय. तो बदलला तर माझी आडकाठी न्हाय."

"काय बदलू?"

"ज्याच्या अंगात ताप, तो गावचा. ताप हाय तवर गावचा. उतरला की ज्याचा तो, जाईना का कुठंबी. आन् अंगात ताप न्हाय तो सात पिढ्यांचा असला तरी बाहेरचा. मी पायरीवर बसते, कपाळाला हात लावून सांगते. नाळ आठवन्यापरीस सोपं हाय ते."

आबासाहेबांनी थरथरत विचार केला. असा कायदा कुठं असतो का, असं त्यांना म्हणायचं होतं. पण तेवढ्यात नवी लाट आली आणि बाज भिंतीवर आपटू लागली. ती ओसरल्यावर त्यांनी वसंतरावांना लिहून घ्यायला सांगितलं. मात्र वर हेही लिहा म्हणाले, की सदर कल्पना सरपंचांना स्वतः आजार सोसत असताना सुचली. आधीची नक्कल रद्द समजावी असं कळवून नवी नक्कल दिल्लीला धाडायची. खाली त्यांनी सही केली. ती सही त्यांच्या आधीच्या कुठल्याच सहीशी जुळत नाही.

वसंतरावांनी गोळी आणि पाण्याचा पेला पुढं केला. आबासाहेब गोळीकडे बघत राहिले. मग सारजाआक्काला म्हणाले, "त्या पोरीला कितवा?"

"आठवा. आज पोर हलत न्हवतं कितीतरी येळ."

"मग बस्लीस काय? आधी तिला दे जा. माझं काय, मागनं घेईन."

त्यांना कडू गोळीची धास्ती होती की दुसरं काही, हे सारजाआक्कानं विचारलं नाही. तिनं वसंतरावांना सायकलवर बसवलं, स्वतः मागं चालत निघाली आणि ती कोपीपाशी पोचेपर्यंत वसंतरावांनी डॉक्टरांच्या सांगण्याबरहुकूम मात्रा मोजून ठेवली होती. रतननं ती गिळली आणि असं तोंड केलं की रावजीच घाबरला. शनिवारी सकाळ-संध्याकाळ सारजाआक्का येऊन गेली. दोन्ही वेळा तिनं रतनला तोंड उघडायला लावून जिभेखाली बघितलं.

रविवार हा पाळीचा दिवस. रावजी फडात गेला नाही. मुकादमानं दोनदा हाका मारल्या, त्यानं ओ दिली नाही. सारजाआक्का सकाळपासून येऊन बसली होती. सूर्य वर चढू लागला तशा तिनं चारही वाकळा रतनच्या अंगावर घातल्या. ऊन कोपीच्या तोंडाशी आलं, मग आत सरकलं. हात कपाळावर, हात पोटावर. परत कपाळावर. ऊन परत बाहेर सरकायला लागलं.

"आक्का," रतन म्हणाली, "उकडतंय. वाकळा काढा."

"थांब जरा."

"घाम आलाय नुस्ता. आन् भूक लागलीय."

"थांब म्हन्ते ना."

रावजीनं कोपीच्या तोंडातून डोकं आत घातलं आणि भाकरी करू का विचारलं. सारजाआक्कानं त्याला करायला सांगितलं. हाताखाली पोर एकदा हललं, मग लगेच दुसऱ्यांदा, जरा जोरात. तिनं वरची एक वाकळ काढली, घडी घालून मांडीवर ठेवली आणि उरलेल्या तिन्ही तशाच राहू दिल्या.